न शिवता तपासणी

मायनं तपासणीच्या डब्यावर तळहात ठेवला. डबा टुंग वाजला. टाळ्या पडल्या. माय हात काढून बाजूला झाली, तसं कंपनीच्या माणसानं खिशातून फडकं काढलं आणि डबा पुसला. स्पिरिट टाकून पुसला. कडा पुसल्या, बूड पुसलं. मग गावाचे कारभारी तात्या, त्यांच्या मालकीणबाई वर आल्या आणि त्यांनी हात ठेवला. त्यांच्यानंतर हेडमास्तर, तलाठी, सोसायटीचे चेअरमन. दुपारपर्यंत अर्ध्या गावाचे हात त्या डब्यावर पडले. फडकं पुन्हा काही बाहेर आलं नाही.

मी तिथंच उभी होते, स्टेजच्या कडेला, कंपनीचा पांढरा कोट घालून. माय माझ्याकडे बघून हसत होती. लेकीच्या साहेबानं सगळ्या गावात पहिला मान आपल्याला दिला, म्हणून हसत होती. फडकं तिनं पाहिलं की नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

तेवढ्यात आमच्या साहेबांनी, दादांनी, माईक घेतला आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्या आपल्या ताई. आधी घरोघरी येऊन सुई टोचायच्या. कुणाला चालायचं, कुणाला न्हाई. आता ते टेन्शनच संपलं. सुई न्हाई, रक्त न्हाई. कुणी कुणाला शिवायचं कामच न्हाई. न शिवता तपासणी."

गाव हसलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसल्या. यातल्या दोघी-तिघींचं रक्त मी दर महिन्याला काढायचे. रक्त काढून झालं की त्या मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायच्या, कापूस लावलेली जागा सोडून. त्यांना दादांचं बोलणं लगेच कळलं. मलाही कळलं.

शिवणं म्हटलं की शहरातल्या माणसाला कपडे आठवतात. आमच्या वस्तीत पोराला दुसरा अर्थ आधी कळतो, सुईदोरा नंतर. आम्ही बौद्ध. छप्पनपासून बौद्ध. पण गावाच्या तोंडातला शब्द काही छप्पनला बदलला नाही. दादा पुण्यात शिकले, परदेशात राहिले, फोनवर इंग्रजीत भांडायचे. तरी गावाला काय गोड लागतं ते त्यांना बराबर ठाऊक होतं. शब्द चुकून निघालेला नव्हता. काही दिवसांनी शहागडच्या पुलाजवळ भला मोठा बॅनर लागला. दादांचा हसरा चेहरा आणि खाली लाल अक्षरांत तेच तीन शब्द.

दादा म्हणजे आमच्या गावच्या सगळ्यात मोठ्या जमीनदार घरातला मुलगा. नदीकाठची जमीन, मोसंबीची बाग, तालुक्यात वजन. तात्या त्यांचे चुलते. गावात तात्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नाही. दादांनी परत येऊन जालन्यात कंपनी काढली. पांढरा डबा, जेवणाच्या डब्याएवढा. त्यावर हात ठेवायचा, आणि मोबाईलवर साखर, रक्त, बीपी, किडनी, सगळं. हिरवं म्हणजे चांगलं, लाल म्हणजे वाईट.

मी जालन्याला लॅबचा कोर्स केलेला. अंबडच्या एका लॅबसाठी खेडोपाडी जाऊन रक्त गोळा करायचे. दादांनी बोलावलं तेव्हा म्हणाले, "तुझ्यासारख्या मुलींना पुढं आणायचंय." मी खूश झाले. का होऊ नये? कोटावर माझं नाव शिवून आलं होतं. बाप असता तर त्यानं तो कोट वस्तीभर मिरवला असता.

पुढं आणलं, हे खरं आहे. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात कंपनीत पैसे लावणाऱ्यांचा कार्यक्रम होता, तिथं मला पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर माझा आणि मायचा फोटो. दादा इंग्रजीत बोलत होते. मला एवढंच कळलं की ते आमच्या वस्तीबद्दल बोलतायत, कारण लोक मान वळवून माझ्याकडे बघत होते आणि एक बाई डोळे पुसत होती. गावच्या शिबिरात मात्र मी टेबलाच्या मागं. म्हाताऱ्या बाईचा हात थरथरला तरी धरायचा नाही, असं बजावलेलं. "तो आपला युएसपी हाये, त्याच्यावरच माल खपतो," दादा म्हणायचे. मुंबईत मी पुढं, गावात मी मागं. आणि दोन्हीकडे तोच कोट.

दादांचं नाव गाजत गेलं. टीव्हीवर मुलाखत. मराठवाड्याचा सुपुत्र. मंत्री आले, डब्यावर हात ठेवून फोटो काढून गेले. परतूरला मोंढ्यात शिबिर झालं तेव्हा हमालांची आणि अडत्यांची एकच रांग होती, असं पेपरात छापून आलं. एक रांग नव्हती. मी तिथं होते.

आता मायचं सांगते. सगळं तिथंच अडकलंय.

डब्याला आधी मोबाईलवर बटणं दाबून माहिती द्यावी लागायची. नाव, गाव, वय, वजन. त्या दिवशी स्टेजवर मायला वय विचारलं. मायला वय माहीत नाही. आमच्याकडे कुणाच्या मायला माहीत असतं? ती म्हणाली, "मोठ्या दुष्काळात रांगत व्हते म्हणं." दादा हसले. "पंचेचाळीस टाका. मावशी तरुण दिसतात." रिपोर्ट आला. सगळं हिरवं. साखरसुद्धा हिरवी. माय कितीतरी वर्षं साखरेच्या गोळ्या खात होती, हे दादांना मी सांगितलेलं. दादा माईकवरच म्हणाले, "मावशी, गोळ्या बंद. उगं पोटात कचरा कशाला भरायचा?"

मायनं घरी येऊन गोळ्यांची पाकिटं चुलीत घातली. मी म्हणाले, थांब, एकदा रक्त बघू दे. ती माझ्यावरच उखडली.

"सुईची भाकर खाऊन तुला सुईच दिसती. दादा येवढा शिकून आल्ता, त्यो खोटं सांगंल व्हय? सगळ्या गावासमोर?"

सगळ्या गावासमोर. तिला गोळीपेक्षा ते मोठं होतं. मला राग तिचा येत नाही. जिला आयुष्यभर कुणी पुढं बोलावलं नाही, तिला पहिल्यांदा स्टेजवर नेलं आणि तिच्या पायाचा सौदा केला, याचा येतो.

कापूस वेचताना पऱ्हाटीचं धसकट तिच्या पायात घुसलं. तिनं हळद भरली. जखम भरेना. मी म्हणायचे दवाखान्यात चल, ती म्हणायची, साखर न्हाई मला, भरंल आपोआप. त्या दिवसांत माझी शिबिरं चालू होती, रोज नवं गाव. मीही डब्याकडे बघून स्वतःची समजूत घालत होते. एवढे शिकलेले लोक, एवढे मंत्री. सगळेच कसे चुकतील?

मग शहागडचं शिबिर आलं. एक बाई रांगेतून पुढं आली. वय विचारलं तर लाजली. "टाका की बाई तुमच्या मनानं." मी पन्नास टाकलं. तिनं हात ठेवला. सगळं हिरवं. ती हात काढून पदर सावरत बाजूला गेली. मागून तिचा नवरा ओरडला.

"पन्नास कुठली? अहो ती माझ्याहून थोरली हाये. गावाला म्हाईत हाये. पासष्ट टाका."

मी पन्नास खोडून पासष्ट टाकलं. एवढंच. डब्यावर कुणाचाही हात नव्हता. डबा टुंग वाजला आणि साखर लाल झाली.

त्या माणसानं बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हंजे मी खरं बोललो म्हणून हिला साखर झाली?"

रांगेत हशा पिकला. कुणी म्हणालं, माझं पंचवीस टाका, बीपीची गोळी वाचंल. कुणी मोबाईल काढून आपलं वय वरखाली करायला लावलं आणि सगळं शूटिंग करून घेतलं. मी बटणं दाबत राहिले. हिरवं, लाल, हिरवं. लोक हसत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे मायचा पाय होता. दुष्काळात रांगणाऱ्या पोरीचं वय मी मनात मोजलं. पंचेचाळीस बिलकुल नव्हतं.

घरी आले, सुई काढली, मायचा हात हातात घेतला आणि रक्त काढलं. अंबडच्या जुन्या लॅबच्या सरांनी आकडा पाहिला आणि मला बसायला खुर्ची दिली. तिथून थेट मोठा सरकारी दवाखाना. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. डाव्या पायाचा पंजा काढला.

जालन्याच्या ऑफिसात दादा काचेच्या केबिनमध्ये होते. मी उभ्याउभ्याच बोलले. "दादा, मशीन वय बघून साखर सांगतंय."

"हळू बोल. मशीन अजून शिकून राह्यलंय. तू शिकलेली पोरगी हायेस, तुला कळाय पाहिजे."

"माझ्या मायचा पाय कापला."

दादांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "वाईट झालं. सगळा खर्चा कंपनीकडं लागला. फक्त एक छोटा व्हिडिओ दे. मायनं गोळ्या आपल्या मनानं बंद केल्त्या, येवढंच म्हण."

मी मान खाली घालून उभी होते. त्यांना वाटलं, पटलं. "बघ, तुमच्या लोकांवर येवढा भरोसा टाकणारा ह्या जिल्ह्यात दुसरा कोण हाये?"

आजवर मी दादांसमोर मान वर करून बोलले नव्हते. तो पगार, तो कोट, ते ताई म्हणणं, सगळं मानेवर बसलेलं. त्या दिवशी ते उतरलं. मी म्हणाले, "मायनं गोळ्या तिच्या मनानं न्हाई, तुमच्या मनानं बंद केल्या. मी तेच सांगणार." आणि निघाले. लिफ्टची वाट बघितली नाही, जिन्यानं उतरले.

शहागडचा व्हिडिओ मोबाईलवरून मोबाईलवर गेला. सरकारी अधिकारी आले, डबा उघडला. आत एक बॅटरी, दोन दिवे आणि टुंग वाजवायचा भोंगा. बाकी पोकळ. आकडे मोबाईलच वय बघून टाकायचा. ज्यांनी त्यावर हात ठेवून फोटो काढले त्यांनी आपापले फोटो काढून टाकले. दादांना पोलिसांनी नेलं. पुलाजवळचा बॅनर कुणीतरी फाडून गोठ्यावर पांघरला.

मला वाटलं, आता तरी गाव विचारील, तुझी माय कशी आहे. गावानं वेगळंच विचारलं. "बटणं तर हीच दाबत व्हती ना?" पारावर, पिठाच्या गिरणीत, बसमध्ये. दादा हुशार, सरळ. पोरगीनं घोळ केला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती कशी देतात ते मी जवळून पाहिलं.

मग तात्या स्वतः आले. आमच्या वस्तीत ते मतं मागायला येतात, तेही गाडीतून न उतरता. या वेळी उतरले. दाराबाहेर उभे राहिले.

"पोरी, झालं गेलं गंगेला मिळालं. वकील म्हणतेत, मशीन चालवणारीनं कबूल केलं की बटणं चुकीची दाबली, तर पोरगं सुटतंय. तुला काही होऊ देणार न्हाई. माझी जबान हाये."

"तात्या, पाणी घ्या."

"नको, आत्ताच पिऊन आलो."

"मंग आत या. मायचा पाय हातात घेऊन बघा. शिवून बघा. तेवढं करा, मंग बटणाचं बोलू."

आत माय खाटेवर बसली होती. तिनं पाय झाकायला गोधडी ओढली. मी ती बाजूला केली. तात्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "दिसून राह्यलं की हितून," ते म्हणाले.

"मंग माझंबी हितूनच ऐका. बटणं बराबर दाबली. जशी तुमच्या पोरानं शिकवली तशी."

ते गेले. आता मायला कुणी कामाला बोलवत नाही, तसंही तिला जमणार नाही. जुन्या लॅबनं मला परत घेतलं नाही. सर म्हणाले, गिऱ्हाईक तुटेल. दादा जामिनावर सुटले, वेशीत फटाके फुटले. म्हणे आता ते जनावरांच्या तपासणीचं काहीतरी काढतायत. कोर्टात तारीख पडते आणि पुढं जाते. वकील आजारी, साहेब रजेवर, कागद आले नाहीत. मला कंटाळा येतो. चिडचिड होते. भाकरी थापताना मी एकटीच बडबडते, माय म्हणते, कुणाशी भांडतीस?

लोकांचं एक मात्र खरं आहे. बटणं मीच दाबत होते. डब्याच्या सगळ्यात जवळ मी होते. वय बदललं की साखर बदलते, हे माझ्या बोटाखाली झालं. पंचेचाळीस टाका, गोळ्या बंद करा, हे माझ्या कानापाशी बोललं गेलं. ज्या गोष्टीसाठी गाव मला आरोपी करतंय, त्याच गोष्टीमुळं माझ्यासारखा साक्षीदार दुसरा नाही. हे त्यांच्या वकिलालाही कळलंय, म्हणून तर तात्या गाडीतून उतरले.

मी साक्ष देणार. या तारखेला नाही झाली तर पुढच्या, तिच्या पुढच्या. माय म्हणते, मीबी येते, पाय त्यांना बघू दे. कोर्टाच्या पायऱ्या उंच आहेत, तिला चढायला वेळ लागेल. तेवढा वेळ सगळ्यांनी थांबायचं.