न दुमडलेली पानं

बाळांनो, कॉलेजनं माजी विद्यार्थ्यांकडे मुलांसाठी पुस्तकं मागितली, म्हणून मी माझ्या बी.ए.च्या वह्या घेऊन गेले. ग्रंथपालबाई त्या चाळून हळूच म्हणाल्या, "आजी, अक्षर सुरेख आहे हो. पण अभ्यासक्रम केव्हाच बदलला."

माझ्या एक वर्ष मागे असलेल्या कमलनं याच वह्या मागितल्या होत्या. "चुरगळतील गं," म्हणून मी दिल्या नाहीत. ती इंग्रजीत नापास झाली आणि घरच्यांनी शिक्षण थांबवून तिचं लग्न लावून दिलं. वही मळते ती कुणीतरी शिकत असतं म्हणून. एवढं साधं तेव्हा मला सुचलं नाही.

घरी येऊन वह्या पुन्हा कपाटात ठेवल्या. इतक्या वर्षांत एकाही पानाचा कोपरा दुमडलेला नाही.