एक पंगत

लढाई संपत आली होती त्या सुमाराची गोष्ट. मी नगरला शाळामास्तर होतो. आमची संस्था जिल्ह्यात गरीब मुलांसाठी बोर्डिंगं चालवायची, आणि ‘आमच्याकडे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवतात’ हे वाक्य तिच्या प्रत्येक पत्रकावर ठळक छापलेलं असायचं. रौप्यमहोत्सव जवळ आला तेव्हा चिटणीसांना हुक्की आली, की आपली तत्त्वं प्रत्यक्षात किती पाळली जातात याची पाहणी करावी. काम माझ्या गळ्यात पडलं. मी ख्रिस्ती, म्हणजे त्यांच्या मते निःपक्षपाती. माझे आजोबा कुणाकुणाच्या ओसरीबाहेर ताटकळण्याला विटूनच ख्रिस्ती झाले होते, हे त्यांना ठाऊक नसावं.

मी हात जोडून सांगितलं होतं, की आधी कळवू नका. तरी प्रत्येक बोर्डिंगच्या गृहपतीला कार्ड गेलंच. असल्या पाहणीला काय अर्थ? जिथे जावं तिथे अंगण सारवलेलं, मुलांच्या डोक्याला तेल चोपडलेलं आणि भिंतीवर सुविचार ताजा. मी रोज चिडून वही मिटायचो.

पाथर्डीलाही तेच. सर्व्हिस मोटारीतून धूळ खात उतरलो, तर गृहपती हार घेऊन उभे. जेवणाची घंटा झाली. मुलं आपापली जर्मन धातूची ताटली घेऊन उठली, आणि त्यातली चार-पाच सवयीने ओसरीकडे वळली. गृहपती खाकरले. मुलं जागच्या जागी थबकली, माघारी फिरली आणि पंगतीच्या टोकाला अंग चोरून बसली. मला गृहपतींशेजारी पाट होता, भाकरीवर तूप होतं.

दुपारी आडावर त्यांतलाच एक मुलगा ताटली घासत होता. त्याला विचारलं, “रोज कुठं बसता रे तुम्ही?”

“वसरीवर. आज आत बसायचं सांगितलंय.”

“मग, आत कसं वाटलं?”

त्याने जरा विचार केला. “आमटी गरम हुती, सर. वसरीवर येईस्तवर गार हुती.” मग ताटली उपडी घालत त्याने विचारलं, “तुमी रोज येनार का?”



अहवालात मी सगळं लिहिलं, मुलाचा उल्लेख तेवढा टाळला. चिटणीस म्हणाले, “भाषा जरा मवाळ करता येईल का? ओसरीऐवजी ‘जागेची अडचण’ म्हणा.” मी म्हणालो, ओसरी म्हणजे ओसरीच. आश्चर्य म्हणजे त्यांनी ऐकलं. सभेत अहवाल वाचला गेला, सभासदांनी माना डोलावल्या, माझे आभार मानले आणि पाथर्डीत ताबडतोब सुधारणा करण्याचा ठराव एकमताने झाला. घरी येताना मी खुशीत होतो. आता त्या पोराला रोज गरम आमटी मिळणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

उन्हाळ्यानंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा मी कुणालाही न कळवता पाथर्डीला गेलो. नेमका जेवणाच्या वेळी पोचलो. ओसरी रिकामी होती. आत सगळी मुलं एका रांगेत बसली होती, एकही चेहरा बावरलेला नव्हता. माझा आनंद फार तर अर्धी पंगत टिकला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी तो मुलगा शोधला. तो नव्हता. त्याच्याबरोबरचेही कुणी नव्हते.

“ती मुलं कुठायत?”

“घरी पाठवली,” गृहपती म्हणाले. “तुमचा अहवाल आला आणि आमची पंचाईत झाली. आत घ्यावं तर बाकीच्यांचे पालक पोरं काढतात. बाहेर ठेवावं तर तुम्ही लिहिता. यंदा त्यांना प्रवेशच दिला नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आवाज चढवून बोललो, काय बोललो ते आता आठवत नाही. गृहपतींनी शांतपणे ऐकून घेतलं, मग शेऱ्यांचं बुक पुढे सरकवलं आणि वर बोरूही दिला.

“आला आहात तर लिहूनच जा, मास्तर. न कळवता आलात, डोळ्यांनी बघितलंत. आता तरी एक पंगत आहे की नाही?”

आणि होती.