नाव की क्रमांक

“ती पिशवी आत आणायची नाही म्हणून सांगितलं ना!” ओमेरनं स्वयंपाकघराचं दार अडवलं.

“मग काय रस्त्यावर धुऊ?” मारिएटनं नवऱ्याला कोपरानं बाजूला सारलं. “हट, सूप उतू जातंय.”

पिशवी घेऊन आलेली त्यांची लेक वीर्ले कोटही न काढता खुर्चीत बसली. लग्न करून ती शेजारच्या हाझबेक गावात गेली होती आणि आता दोन्ही गावांच्या एकत्र फुटबॉल क्लबच्या कमिटीवर होती. “बाबा, मळके शर्ट आहेत ते, बॉम्ब नाहीत.”

“छातीवर बघ त्यांच्या. आपल्या गावाचं नाव, मोलेनकाउटर, कुठाय?”

कुठेच नव्हतं. नव्या शर्टांवर नुसतं ‘हाझबेक’ होतं. मारिएटनं ते पिशवी उघडताक्षणीच पाहिलं होतं.

ती लग्न होऊन मोलेनकाउटरला आली त्याच हिवाळ्यात सासूनं गावच्या क्लबचे निळे शर्ट तिच्या हाती दिले. तेव्हापासून दर सोमवारी तिच्या दोरीवर अख्खा संघ वाळायचा. गुडघ्यावर कोण घसरतो, बाही कोण चावतो, तिला ठाऊक असायचं. सामना मात्र तिनं क्वचितच पाहिला. क्लबच्या कँटीनमध्ये सूप ढवळताना बाहेरच्या ओरड्यावरून गोल कुणाचा ते ती ओळखायची.

पुढे दोन्ही गावांना अकराजण जमेनात, तेव्हा दोन्ही क्लब एक करायचं ठरलं. अशा वेळी फुटबॉल महासंघाचा नोंदणी क्रमांक एकाच क्लबचा राहतो, दुसऱ्याचा कायमचा पुसला जातो. मोलेनकाउटरचा आकडा लहान, म्हणजे क्लब जुना. त्याचा केवढा तोरा! कँटीनच्या भिंतीवर आकडा गावाच्या नावापेक्षा मोठा रंगवलेला होता. हाझबेकवाले म्हणाले, जोडनावात आधी तुमचं गाव लावू, क्रमांक मात्र आमचा राहील.

ओमेर तेव्हा सेक्रेटरी होता. सही करायच्या आधी तो घरी आला आणि धुण्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला. “काय घेऊ गं? नाव की क्रमांक?”

तिचे हात साबणात होते. “नाव घे,” ती म्हणाली. “आकडा काय, छातीवर कोण वाचतंय?”

आणि यंदा मोलेनकाउटरचं नाव काढून टाकायला कमिटीची एक बैठक पुरली.

“आता रागावून काय उपयोग?” वीर्ले म्हणत होती. “मी बैठकीत भांडले, पण माझं एकटीचं कोण ऐकतंय? क्रमांक ठेवला असता तर महासंघात तरी क्लब तुमचाच राहिला असता. तो तुम्ही देऊन टाकलात, बाबा. सगळं गाव म्हणतं, ओमेर नावाला भुलला.”

ओमेरनं एकदा मारिएटकडे पाहिलं. मग पाव पुढे ओढला.

“भुललो खरा,” तो म्हणाला आणि पाव कापू लागला.

इतकी वर्षं तो हेच म्हणत आला होता. कँटीनमध्ये बिअर पिताना टोमणे पडले तरी हेच. मारिएटचं नाव त्यानं कधी कुणापुढे घेतलं नव्हतं. घरातसुद्धा नाही.

तिनं शर्ट मशीनमध्ये कोंबले, साबण घातला, बटण फिरवलं. मग तिघांच्या वाडग्यांत सूप वाढलं. ओमेरला जरा जास्तच.

“आई, पुढच्या सोमवारी गोलकीपरचे हातमोजेही...”

“हे वाळले की घेऊन जा,” मारिएट बसत म्हणाली. “पुढची पिशवी आणू नकोस. क्लबचं धुणं मी सोडलंय.”