बर्फाच्या पेटीतले काळे फोटो

सारसोळ्यात चांगदेव कोळी कुठे राहतो असं विचारलंत, तर लोक आधी हसतात आणि मग बोट दाखवतात. "तो झाकन लावून फोटू काढतो तो ना? त्या गल्लीत." माणूस तुर्भ्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, आता निवृत्त. बोलायला गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण खूळ म्हणावं तर अस्सल! जुना कॅमेरा दुर्बिणीला जोडून तो गावच्या जेट्टीवर आकाशाचे फोटो काढतो आणि ते झाले की कॅमेऱ्यावर झाकण लावून पुन्हा फोटो काढत बसतो. काळेकुट्ट. आता याला काय म्हणायचं?

तर ऐका, त्यात वेडेपणा काही नाही. आपल्या आकाशात दिव्यांचा उजेड एवढा, की अंधुक काही टिपायचं तर कॅमेऱ्याला बराच वेळ डोळा उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात तो आतून तापतो आणि फोटोत स्वतःचेच लाल-निळे ठिपके सोडतो. झाकण लावून, तेवढाच वेळ, तेवढ्याच गरम कॅमेऱ्याने काढलेल्या काळ्या फोटोत मात्र नुसते हेच ठिपके उतरतात. मग कॉम्प्युटरवर ते खऱ्या फोटोतून वजा करायचे, की आकाश स्वच्छ. चांगदेव हे कुणालाही आनंदाने समजावतो. ऐकणाराच थांबत नाही, त्याला तो काय करणार?

यंदा लेकीचं, मितालीचं लग्न ठरलं मे महिन्यात, उरणच्या मुलाशी. रुखवताची तयारी थंडीतच सुरू झाली. मावशीने मण्यांचं तोरण घेतलं, मामीने लाडवांचं कबूल केलं. चांगदेवाच्या मनाने घेतलं, की त्यात बापाच्या हातचंही काहीतरी पाहिजे. मृगातल्या तीन ताऱ्यांना, आपल्या तिकांड्याला, खाली एक धुरकट ठिपका लोंबतो. तो असतो ढग, नवे तारे जिथे जन्माला येतात तो. त्याचा मोठा, फ्रेम केलेला फोटो लेकीला द्यायचा. जानेवारीत रोज सांजेला तो जेट्टीवर गेला, खरे फोटो काढले, काळे काढले, सगळे लॅपटॉपवर भरून ठेवले आणि लग्नाच्या धावपळीत विसरला.

एप्रिलच्या अखेरीस लॅपटॉप उघडला तर काळा फोटो औषधालासुद्धा नाही.

"जमने! यातलं काही पुसलंस का गो?"

जमुना, त्याची बायको, नेरूळच्या बाजारात मासळी विकते. ती कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पुसलं ना. मितालीच्या व्हिडिओला जागा नव्हती. तुमचे फसलेले फोटू होते, सगले काले. मना वाटला, कोन बघला तर हसंल तुमाला."

कचऱ्याची टोपलीही तिने रिकामी केली होती. जमुनेच्या घरात कचरा राहत नाही.

चांगदेवाने लॅपटॉप मिटला. राग आलाच, पण कुणावर काढणार? बाई त्याची अब्रू झाकायला गेली होती! तरी दोन दिवस तो तिच्याशी जेवणापुरतं बोलला. मृग आता अंधार पडता पडताच पश्चिमेला टेकत होता, नवे फोटो दिवाळीनंतरच. काळे फोटो आताही काढता आले असते, त्यांना आकाश लागत नाही. लागते ती जानेवारीची थंडी, आणि बाहेर तर घामाच्या धारा. काळ्या फोटोंशिवाय चित्र बनवून पाहिलं तर ढगावर लाल-निळ्या पुटकुळ्या उठलेल्या. हे लेकीच्या हातात कसं द्यायचं?

शेवटी जमुनेनेच विचारलं, "थंडीच पायजे ना? मंग माझी पेटी काय मेली?"

मासळीची थर्माकोलची पेटी! चांगदेव हसला, पण दुसरं होतं काय? जमुनेने पेटी धुतली, सुक्या बोंबलाच्या पिशवीत कॅमेरा घट्ट बांधला, स्टीलच्या डब्यात घातला आणि डबा पापलेटासारखा बर्फात पुरला. टायमर आतच चालू. शेजारची रखमा पापलेट मागायला आली, तर पेटीतून खट्, खट्.

"अगो जमने, तुझी मासली जिती हाय का काय?"

"जिती हाय. फोटू काढतेय," जमुना म्हणाली.

संध्याकाळी चांगदेवाने फोटो बघितले आणि कपाळावर हात मारला. एकही ठिपका नाही. कॅमेरा जानेवारीपेक्षा कितीतरी गार पडला होता.

"साफ आले ना? मंग आता कशाला रडता?"

"अगो, आपल्याला डागच पाहिजेत! थंडीत होते तेवढेच. कमी नको, जास्त नको."

जमुनेने नवऱ्याकडे पाहिलं, डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. मग पदर खोचला. बर्फ एका कडेला, मध्ये गोणपाट, डबा दुसऱ्या कडेला. प्रत्येक फोटोसोबत कॅमेऱ्याचं तापमान आपोआप नोंदलं जातं. तो ते वाचून सांगायचा, ती मूठभर बर्फ घालायची नाहीतर काढायची. "अजून गार." "घ्या." "थोडं जास्त झालं." "आता गप बसा जरा, बसू दे त्याला." अशा दोन-तीन दुपारी गेल्या. इतका वेळ दोघं शेजारी कित्येक वर्षांत बसली नव्हती, आणि चांगदेवाला ते फार आवडलं. कॅमेऱ्याला बोंबलाचा वास लागला तो लागलाच.

एका दुपारी तापमान जुळलं, ठिपके जुळले. वजाबाकी झाली आणि स्क्रीनवर तो ढग उमलला, गुलाबी, कडेला निळसर, एक पुटकुळी नाही. जमुना स्क्रीनजवळ सरकली. "बया! हा आपल्या जेट्टीवरना दिसतो?" एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले.

लग्नात रुखवतावर फोटो मध्ये लागला. उरणच्या विहीणबाईंनी विचारलं, कुणी काढला म्हणून. "यांनी," जमुना म्हणाली, "आनि मी पुसला होता, तो मीच परत आनला." विहीणबाईंना काही कळलं नाही, पण त्या छान हसल्या.

निघायची वेळ झाली. रुखवत टेम्पोत चढू लागलं. कुणीतरी फ्रेम उचलली, तशी मिताली गाडीतून उतरली, शालू सावरत धावली आणि ती फ्रेम हिसकावून घेतली. "ही टेम्पोतून नाय जायची. बाबा, ही माझ्या मांडीवर." आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती गाडीत बसली, काच खाली करून निरोप द्यायलाही तिचा हात मोकळा नव्हता.

गाडी वळेपर्यंत चांगदेव हसत उभा होता. वळल्यावर जमुनेने मांडवातली खुर्ची ओढून त्याला खाली बसवलं आणि पाणी दिलं.