उपरण्याखालचे टक्के

टक्, टक्, टक्… फूऽऽ!

माईकवर कोणी असं नखाने वाजवलं की अजूनही माझा उजवा हात आपोआप खिशात जातो. हसू नका. त्या हाताने एकदा काम असं केलं होतं की त्याला खिशातच ठेवावं!

आता एवढं बोललोच आहे, तर सगळं सांगून टाकतो. मी बोलतो हळू. माझ्या वाक्याची वाट बघत बसाल तर चहा निवेल, तेव्हा पीत पीत ऐका.

मी पिंपळनेरचा. चौथी शिकलेला. जन्म गेला बैलबाजारात, दलालीत. बाजारात किंमत कधी तोंडाने बोलत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हातात हात घालतात. आधी दहाची बोटं दाबायची, मग सुट्या एकांची. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळतही नाही की आत काय शिजतंय. चारचौघांत कोणाची लाज जात नाही. किती चांगली रीत आहे, नाही का?

त्या वर्षी माझी सुनंदा बारावी झाली. चौसष्ट टक्के! आमच्या भाऊबंदांत बारावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. मी पेढे वाटले. दोन दिवस गल्लीतून असा चाललो, की बारावी मीच पास झालोय.

पोरीला औषधांचा डिप्लोमा करायचा होता. पण तिच्या मामाने एक स्थळ आणून ठेवलं होतं. तो म्हणाला, "भाऊजी, धुळ्याला जागा मिळाली तर शिकू द्या. नाही मिळाली तर दिवाळीनंतर अक्षता." मी मान डोलावली. मेव्हण्यापुढे माझी मान नेहमीच आधी डोलते, डोकं नंतर पोचतं.

तर आम्ही बापलेक धुळ्याला गेलो. कॉलेजच्या आवारात मंडप, मंडपात खुर्च्या, खुर्च्यांत बाप. आणि बापांच्या तोंडात काय? टक्के!

"आमचा अठ्ठ्याऐंशी."

"आमची नव्वद. गणितात एक गणित राहिलं हो, नाहीतर…"

माझ्या शेजारी दीपनगरच्या वीजकेंद्रातले एक साहेब होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "आमच्या चिरंजीवांना एक्क्याण्णव. मेडिकलला लागतीलच. इथे आपला असाच अर्ज टाकून ठेवलाय."

असाच! आम्ही पहाटेच्या एसटीने उभ्याने आलो होतो, आणि हे असाच!

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलीला किती?"

मला खोकला आला. म्हणजे मी आणला. चांगला लांबवला. साहेब बिचारे भले माणूस, उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले. आता पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा विचारणार! मी तो पेला इतका सावकाश प्यायलो की त्यांना वाटलं असेल, या माणसाने पाणी पहिल्यांदाच पाहिलंय.

सुनंदा मात्र निवांत बसून मुरमुरे खात होती. तिच्या चौसष्टचे पेढे वाटणारा मी, खुर्चीत आक्रसत चाललो होतो.

आणि तेवढ्यात तो आवाज. टक्, टक्, टक्… फूऽऽ!

समोर टेबलाशी मुलाखतीचे सर बसले होते. सगळ्यांचे अर्ज तपासणीसाठी पलीकडच्या टेबलावर ठेवले होते. तिथल्या कारकुनाला ऐकू जावं म्हणून सर प्रत्येकाला माईकवरूनच विचारायचे. नाव? गाव? टक्के? आणि उत्तर सगळ्या मंडपात घुमायचं!

म्हणजे आता कर्ण्यातून चौसष्ट? या नव्वदांच्या गर्दीत?

नंबर आला. सुनंदा कागद काढायला पिशवीत वाकली. सरांनी मलाच विचारलं, "नाव?"

सांगितलं.

"गाव?"

सांगितलं.

"टक्के?"

खरं सांगतो, मी ठरवून काही केलं नाही. सरांचा हात टेबलावर होता. माझं उपरणं खांद्यावर होतं. चाळीस वर्षांची सवय! मी उपरणं सरांच्या हातावर टाकलं, खालून हात घातला आणि बोटं दाबली.

सर खुर्चीतून उडालेच. "अहो, काय करताय? सोडा! हात सोडा माझा!"

माईक चालू होता, हे सांगायला नकोच.

सगळा मंडप उभा राहिला. मागून कोणीतरी ओरडलं, "पैसे देतोय! धरा त्याला!"

"लाच?" सर लालबुंद झाले. "मुलीचा अर्ज बाद करीन! काय आहे उपरण्यात?"

शिपायाने उपरणं झटकलं. त्यातून शेंगांची टरफलं पडली. बाकी काही नाही.

सुनंदाने माझा सदरा ओढला. "नाना, काय करी ऱ्हायनात तुम्ही? बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात!"

डोळ्यांपुढे मेव्हणा अक्षता घेऊन उभा! मी कसंबसं म्हणालो, "साहेब, पैसे नाही हो. टक्के सांगितले."

"कोणाला?"

"तुम्हालाच. बोटांनी. आमच्या बैलबाजारात असंच सांगतात."

मग जो हशा उठला! ते दीपनगरचे साहेब तर खिशातली पेनं धरून हसत होते. सरांनाही हसू आवरेना. राग गेला, हे बघून मला थोडा धीर आला.

"बरं," सर म्हणाले, "तुम्ही माझी आधी पाच बोटं दाबलीत, मग चार. त्याचे किती झाले?"

"चोप…" मी म्हणालो, आणि जीभ चावली.

"चोपन्न? मग काका, तुम्ही घरीच जा. इथे साठच्या आत आम्ही अर्ज घेत नाही."

"नाही नाही, साहेब! चौसष्ट! चौसष्ट!"

"आता वाढवता?"

मागून आवाज आला, "सर, पासष्टला सोडून द्या! माल चांगला आहे!"

पुन्हा हशा. असं कसं झालं? विचार केला तेव्हा उलगडा झाला. मी जन्मभर घेणाऱ्याच्या बाजूने दलाली केली. घेणाऱ्याचा दलाल पहिली बोली नेहमी दहाने खालची लावतो. डोक्यात चौसष्टच होतं हो, पण हाताला कोण सांगणार, की बाबा, आज बैल नाही, आपली पोर आहे!

सुनंदा पुढे आली. गुणपत्रिका सरांपुढे ठेवली, माईक आपल्याकडे ओढला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चौसष्ट टक्के!"

कर्णा दणाणला. मंडप कोसळला नाही. कोणी नाकही मुरडलं नाही. सरांनी कागद पाहिला, खूण केली आणि म्हणाले, "पलीकडच्या टेबलावर जा. जागा मिळाली."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "नाना, मले चौसष्ट भेटनात, त्यामा लाजासारखं काय शे?"

मी तिला रसवंतीत नेलं. रसाचे दोन ग्लास तिला पाजले, एक मी प्यायलो. इतका गोड रस मी त्याआधी कधी प्यायलो नव्हतो.

पण किस्सा इथे संपला असता तर बरं होतं. बाजाराच्या दिवशी मी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. चहाच्या टपरीवरून एकजण ओरडला, "या नाना! पोर चौसष्टची, बोली चोपन्नची!"

मी लक्ष दिलं नाही. समोरून आमचा जुना ओळखीचा शेतकरी खिल्लारी जोडी घेऊन येत होता. त्याला जोडी विकायची होती, आणि या खेपेला त्याच्या बाजूने सौदा मी करायचा, असं आधीच ठरलं होतं. मी हसून उपरणं खांद्यावरून काढलं आणि हात पुढे केला.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या बैलांकडे पाहिलं. आणि कासरा ओढून जोडी वळवली, नि चालता झाला.