मधले नाव

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत पहिले काही महिने मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली जात असे. ओळखपत्र छापणाऱ्या यंत्रात माझे पूर्ण नाव मावले नाही. त्याने मधले तेवढे ठेवले आणि दोन्ही बाजू छाटल्या. सहकाऱ्यांना तेही लांब वाटले, म्हणून त्यांनी ते निम्म्यावर आणले. 'मॉर्निंग, मेट'च्या मागून ते अर्धे नाव आले, की पुण्यात बँकेतून निवृत्त झालेले माझे बाबा पांढरा कोट घालून माझ्या खुर्चीत बसले आहेत असा भास होई.

हे मी घरमालकीणबाईंना सांगितले तेव्हा त्या इतक्या हसल्या, की हातातली सुई खाली ठेवावी लागली. मी त्यांच्या घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होते. त्या ऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांचे यजमान महामारीच्या आदल्या वर्षी वारले होते. आम्ही मागच्या व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन खुर्च्या टाकून बसत असू, कारण मी दिवसभर लोकांच्या नाकातले नमुने तपासत होते आणि त्यांच्या वयाला संसर्गाचा धोका होता. त्या काळात त्या कापडी मास्क शिवत.

"आमच्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं," मी सांगितले. "लग्न झालं की नवऱ्याचं."

"म्हणजे काही झालं तरी तुझ्या मधोमध एक पुरुष बसलेलाच?" त्या म्हणाल्या. (त्या बोलत इंग्रजीतच, मला ते आठवते मात्र मराठीत.) "उठवायचा कसा गं त्याला?"

हा विनोद पुढे माझ्यावरच उलटणार आहे, हे तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हते.

त्यांचे माझ्यावर उपकार होते आणि ते मी रोज वापरत होते. या गावात गाडीवाचून चालत नाही आणि माझ्या पहाटेच्या शिफ्टला बस नव्हती. त्यांनी यजमानांच्या जुन्या गाडीची किल्ली माझ्या दाराच्या खिळ्याला आणून अडकवली आणि वर बजावले, "क्लच जरा हट्टी आहे, माझ्या नवऱ्यासारखा. ओरडू नकोस, समजूत घाल." त्यांची मुलगी मेलबर्नला अडकली होती. तिने फोनवर सांगितले होते, की प्रयोगशाळेतल्या त्या मुलीला दुसरी जागा शोधायला सांग. बाईंनी ऐकले नाही. हे मला मुलीकडूनच कळले, पुष्कळ नंतर.

तेव्हा त्यांनी एक काम सांगितले, त्याला मी लगेच होकार दिला.

यजमानांच्या कबरीवर अजून दगड बसला नव्हता. त्यांना दोघांसाठी मिळून एकच दगड हवा होता: डावीकडे यजमान, उजवीकडे स्वतः, आणि आपल्या नावाखाली एक ओळ. त्यांच्या माहेरी पिढ्यान्पिढ्या एक गोष्ट सांगितली जाई. त्यांचे पणजोबा स्कॉटलंडहून जहाजाने इथे मेंढपाळ म्हणून आले. ते एका अत्यंत प्रसिद्ध स्कॉटिश डॉक्टरांचे अनौरस पुत्र होते. त्या डॉक्टरांचे नाव मी इथे देत नाही. मी ते पाठ्यपुस्तकात वाचले होते, एवढे सांगणे पुरेसे आहे. बाईंना आपल्या नावाखाली त्यांचे नाव कोरायचे होते.

"पण आधी खरं काय ते मला कळायला हवं," त्या म्हणाल्या. "जिवंतपणी थोडं खोटं मला चालतं. दगडावर नको. तिथलं खोडता येत नाही, आणि सारवासारव करायला मी नसेन."

पुरावे तीन होते. पहिला, पणजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत. त्यात मधले नाव म्हणून डॉक्टरांचे आडनाव ठळकपणे होते आणि वडिलांच्या रकान्यात 'अज्ञात'. दुसरा, पिढ्यांनी जपलेले एक पितळी भिंग. त्याची तीन पाकळ्यांसारखी घडी होई. तळाच्या पाकळीला चौकोनी खिडकी आणि तिच्या कडेला बारीक रेघा होत्या. डॉक्टर याने रोग्याची त्वचा पाहत, असे घरात सांगत. तिसरा पुरावा जहाजाच्या यादीतली नोंद, जी मी एका रविवारी शोधून काढली. त्यात पणजोबांचे वय आणि मूळ गाव होते.

मी तिन्ही गोष्टी मांडल्या आणि अर्ध्या तासात निष्कर्ष काढला. मधले नाव डॉक्टरांचे आहे. मधले नाव वडिलांचे असते. वडिलांच्या रकान्यात मुद्दाम 'अज्ञात' लिहिले आहे, म्हणजे काहीतरी लपवायचे होते. भिंग डॉक्टरांचे असणे यात चपखल बसते. आज हे लिहिताना मला दिसते, की दुसरे वाक्य मी तपासलेच नव्हते. ते मला पुरावा वाटले नाही, हवापाण्यासारखे गृहीत वाटले. आणि आणखी एक कारण होते, तेही लिहायला हवे. मी तेव्हा पीएचडीच्या जागांसाठी अर्ज करत होते. ज्यांचे नाव पाठ्यपुस्तकात आहे त्यांच्या खापरपणतीच्या मागल्या दारी मी राहते, ही कल्पना मला फार आवडली होती.

"तुमची गोष्ट बहुधा खरी आहे," मी व्हरांड्यात जाहीर केले. 'बहुधा' हा शब्द त्यांनी ऐकला नाही आणि मीही तो पुरेशा जोराने उच्चारला नाही. 'खापरपणती' हा शब्द मात्र मी त्यांना शिकवला. त्यांनी तो तीन वेळा म्हणून पाहिला, मेलबर्नला मुलीला व्हिडिओवर म्हणून दाखवला, आणि दुपारच्या चहाआधी पाथरवटाला फोनवर ती ओळ सांगूनही टाकली. पाथरवट म्हणाला, दगड दुसऱ्या राज्यातून यायचा आहे, महामारीमुळे बंद असलेल्या सीमेवर अडकला आहे, वेळ लागेल. बाईंनी सीमा बंद करणाऱ्यांच्या नावाने बोटे मोडली. मी त्या बंद सीमेचे आजही आभार मानते.

पुढच्या रविवारी मी आईला फोन केला. माझी दुपार, तिची सकाळ. मी तिला माझे संशोधन मोठ्या रंगात ऐकवले. आई कुकरच्या शिट्ट्या मोजत ऐकत होती.

"आणि आई कोण?" तिने विचारले.

"कुणाची?"

"त्या मेंढपाळाची. अनौरस असला तरी त्याला कुणीतरी जन्म दिला असेल ना? का डॉक्टरांनीच दिला?"

मी म्हटले, तिची नोंद कुठे आली नाही.

"कशी येईल? तू शोधलीस का? आपला कुलवृत्तांत वाचून मोठी झालेली पोरगी तू. वरच्या चार पिढ्यांत बाईच नाही त्यात. पुरुषांना पुरुष झाले सगळे." एक शिट्टी झाली. "माझं तर मधलं गेलं, आडनाव गेलं, पहिलंसुद्धा तांदळात गेलं. ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं तुझ्या बाबांनी, झालं. आणि काय गं, तिकडे मधलं नाव बापाचंच असतं, हे तुला कुणी सांगितलं?"

मला ते कुणीच सांगितले नव्हते.

फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा नियमाप्रमाणे कामाला लागले. जहाजाच्या यादीतले गाव आणि वय धरून त्या गावातील चर्चच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मागवल्या. संगणकावर पानाचे छायाचित्र आले तेव्हा शाई फिकट होती, अक्षर मात्र सुबक होते. मुलाचे नाव तेच, वर्ष जुळणारे. वडील: हातमागाचे विणकर, नावानिशी, मूल औरस म्हणून नोंदलेले, वडिलांचे आडनाव तेच जे बाईंच्या माहेरी आजवर चालत आले. आणि आई: तिचे पहिले नाव, आणि त्याला लागून तिचे माहेरचे आडनाव. ते आडनाव डॉक्टरांचे होते. त्या भागात ते पुण्यातल्या जोश्यांइतके सापडते, हे पुढची दहा पाने चाळल्यावर कळले.

त्या नोंदींत प्रत्येक आई माहेरच्या आडनावाने लिहिलेली होती. आणि कितीतरी मुलांच्या मधल्या नावात आईचे माहेर होते. ती तिथली रीतच होती. पणजोबांच्या मधोमध कुणी थोर पुरुष बसलेला नव्हता. तिथे त्यांची आई होती. 'अज्ञात'चा अर्थही साधा निघाला. दाखल्यासाठी माहिती देणारा एक शेजारी होता, आणि मयताच्या बापाचे नाव त्याला ठाऊक नव्हते.

आमच्या प्रयोगशाळेत चुकीचा अहवाल गेला, तर तो गुपचूप पुसता येत नाही. सुधारित अहवाल काढायचा, त्यावर जुनी चूक दिसेल अशी ठेवायची, आणि ज्याच्याकडे तो गेला त्याला स्वतः, आपल्या तोंडाने कळवायचे. मी हे काम कित्येक डॉक्टरांना फोन करून केले होते आणि त्यात कधी अडखळले नव्हते. त्या दिवशी व्हरांड्याच्या पायऱ्यांवरच अडखळले.

मी कागद मधल्या टेबलावर ठेवला आणि मागे आपल्या खुर्चीशी गेले. सगळे क्रमाने सांगितले: काय चुकले, का चुकले, खरे काय आहे. चूक माझी, हेही सांगितले. बाई कागद उचलून बराच वेळ वाचत राहिल्या. कॅमेलियाच्या झाडाखाली गळलेली फुले होती, त्यांच्याकडे पाहिले, पुन्हा वाचले.

"मी मुलीला सांगितलं," शेवटी त्या म्हणाल्या. "चर्चमधल्या सगळ्या जणींना सांगितलं. कसायालासुद्धा सांगितलं."

"मला माफ करा."

"जरा थांब. मला वाईट वाटून घेऊ दे." त्यांनी खरोखरच काही मिनिटे घेतली. मग चष्मा पुसला. "विणकर म्हणालीस ना तू?"

"हातमागाचा."

त्या आत जाऊन भिंग घेऊन आल्या. शिवायला घेतलेला मास्क गुडघ्यावर ताणला. तो माझ्या एका जुन्या सुती ओढणीचा होता. रुग्णालयात मास्क अपुरे होते तेव्हा मी ती त्यांना दिली होती. त्यांनी भिंगाची घडी उलगडून चौकोनी खिडकी कापडावर टेकवली, डोळा लावला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "अगं, याच्या रेघा धाग्यांसाठी आहेत. इकडे ये. अंतर राहू दे, श्वास धरून ये."

मी श्वास धरून वाकले. खिडकीत माझ्या ओढणीचे उभे-आडवे धागे दोरखंडाएवढे दिसत होते, आणि कडेच्या रेघा त्यांना नीट विभागत होत्या. कापड किती घट्ट विणले आहे हे मोजायचे ते साधन होते. इतक्या पिढ्या ते रोग्याची त्वचा पाहण्याचे म्हणून मखमलीत जपले गेले, आणि सूक्ष्मदर्शकावर रोज काम करणाऱ्या मलाही त्या रेघा कशासाठी, हा प्रश्न पडला नव्हता.

"शंभर वर्षं हे घरात असताना आम्ही सगळे शिवण करत होतो," बाई म्हणाल्या, "आणि वापरलं कुणीच नाही." मग हसल्या, आणि मला श्वास सोडता आला.

त्याच दुपारी त्यांनी पाथरवटाला फोन लावला. कानाला कमी ऐकू येत असल्याने त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असे.

"ती खालची ओळ बदलायची आहे."

"अख्खी?"

"आडनाव तेच. पहिलं नाव बदल, आणि 'डॉक्टर' काढ. त्याऐवजी 'विणकराची पत्नी' लिही."

पलीकडे पेन्सिलचा आवाज आला. "बाईचं नाव दिसतंय हे."

"बाईचंच आहे."

"मागच्या खेपेला पुरुष होता."

"मागच्या खेपेला चूक होती, मेट. बरं झालं तुझा दगड वेळेवर आला नाही."

सीमा उघडल्यावर दगड आला आणि मुलगीही आली. स्मशानभूमीत लाल मातीवर आम्ही तिघी उभ्या होतो. मुलीने मला बाजूला घेऊन सांगितले, की तिने मला घराबाहेर काढायला सांगितले होते आणि तिला त्याची लाज वाटते. मी म्हटले, तुझ्या जागी मीही तेच सांगितले असते. आणि ते खरे होते. मग मी बाईंकडे पाहिले. त्यांनी हे कधी कळू दिले नव्हते. वर गाडीची किल्लीही दिली होती.

मी तोवर आईकडून माझ्या पणजीचे माहेर काढून घेतले होते. त्यासाठी तिला तीन चुलत आत्यांना फोन करावे लागले. पणजीचे लग्नाआधीचे पहिले नावही मिळाले. ते मी कुलवृत्तांताच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहायला बाबांना सांगितले, आणि बाबांनी ते पेनने लिहिले.

बाईंनी दगडावरची ओळ बोटाने वाचली. स्वतःच्या नावाखाली खापरपणजीचे पहिले नाव, त्याला लागून ते प्रसिद्ध आडनाव.

"येणारे-जाणारे वाचतील आणि म्हणतील, अरे, डॉक्टरांच्या घराण्यातली दिसते," त्या म्हणाल्या.

"म्हणतील," मी म्हटले. "आडनाव तेच आहे."

"म्हणू देत." त्यांनी बोटाला लागलेली दगडाची भुकटी माझ्या बाहीला पुसली. "मी तर खोटं बोललेले नाही ना?"