आमच्या अध्यक्षबाईंची मुदत

आमच्या अध्यक्षबाईंच्या हाती कुणी हा देश दिला असता, तर देश वेळेवर उठला असता, वेळेवर झोपला असता, आणि मधल्या वेळात आपण नेमके कशासाठी उठलो होतो याचा तिमाही अहवाल त्याने लेखी सादर केला असता. पण देश काही कुणी दिला नाही. त्यामुळे त्यांच्या वाट्याला आमची संघटना आली आणि संघटनेबरोबर मी आलो. या दोहोंपैकी सुधारणेची जास्त गरज कुणाला आहे, याबद्दल त्यांचं मत अजून पक्कं झालेलं नाही.

संघटना म्हणजे डेंटल हायजिनिस्टांची अखिल भारतीय संघटना. हायजिनिस्ट म्हणजे काय हे समजावून सांगण्यातच आमचं अर्धं आयुष्य जातं. दात काढतात ते डॉक्टर. दातांवरचं किटण काढतो, हिरड्या तपासतो आणि चांगल्या घोड्याएवढ्या माणसांना ब्रश कसा धरायचा ते शिकवतो, तो मी. लग्नाच्या बोलणीत माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे डॉक्टर का?" मी नाही म्हणालो. "मग कंपाउंडर?" त्यालाही मी नाही म्हणालो. तेव्हा त्यांनी विषय बदलून शेतीची चौकशी केली, आणि सिन्नरच्या अलीकडे आमचा थोडा मळा निघाला म्हणून माझं लग्न झालं. जावई म्हणून ज्यांची ओळख करून देताना अडखळायला होतं अशा लोकांची ही संघटना. फलकावर 'अखिल भारतीय' हे शब्द सगळ्यांत मोठ्या अक्षरांत आहेत. इंदूर, सुरत, नागपूर इथले आणि दक्षिणेत विखुरलेले काही उत्साही लोक सोडले, तर आमचा अखिल भारत बराचसा गंगापूर रोड आणि नाशिकरोड यांच्या मध्येच मावतो. पण बाईंना हे बोललेलं खपत नाही.

समोरच्याच्या तोंडात आरसा, यंत्र आणि पाणी ओढणारी नळी असताना त्याला प्रश्न विचारायचे आणि त्याचं उत्तर बरोबर समजून घ्यायचं, ही आमच्या व्यवसायातली जुनी खोड आहे. 'अं' म्हणजे हो, 'अं-अं' म्हणजे नाही, आणि डोळे मोठे करून लांबवलेला 'अंऽऽ' म्हणजे दुखतंय. बाईंनी हीच पद्धत संघटनेच्या कारभारात आणली. त्यांनी ठराव वाचायचा, सभेकडे बघायचं, सभेने 'अं' करायचं आणि ठराव मंजूर. बाहेरच्या माणसाला आपण गोठ्यात आलो की काय असं वाटावं, पण आमचे मोठमोठे निर्णय असेच झालेले आहेत. मी सरचिटणीसही असाच झालो. बाई तेव्हा एका दंत महाविद्यालयात हायजिनिस्टांच्या विभागाच्या प्रमुख होत्या, आणि मी त्यांच्याकडे स्वतःच्याच दातांचं किटण काढून घ्यायला गेलो होतो. दुसऱ्यांचे दात साफ करून पोट भरणाऱ्या माणसाच्या तोंडात एवढं किटण निघावं याचा त्यांना धक्का बसला होता, आणि मी शरमेने आधीच अर्धमेला झालो होतो. त्याच वेळी यंत्र चालू ठेवून त्यांनी विचारलं, "सरचिटणीस व्हाल ना?" माझ्या तोंडून जो काही आवाज निघाला तो त्यांनी होकार धरला. त्याला हरकत घेणं शक्य नव्हतं, कारण तशी हरकत माझ्या पेशंटांनी घ्यायची ठरवली तर माझं दुकान बंद होईल. तेव्हापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. भाजी बाजारात गर्दीतून हाक येते, "सेक्रेटरी, मेथी कशी मिळाली?" आणि मेथीवाली माझ्याकडे आदराने बघून भाव वाढवते.

बाईंचा खरा जीव मात्र ध्येयांत. दरवर्षी दिवाळी आटोपली की ध्येयनिश्चितीची बैठक. तोंड साफ करताना आम्ही त्याचे चार भाग करतो, तसे त्यांनी संघटनेच्या ध्येयांचेही केले होते. वरचा उजवा भाग म्हणजे सरकारदरबारी पाठपुरावा, वरचा डावा प्रशिक्षण, खालचा डावा शाळा आणि खेडी, आणि खालचा उजवा म्हणजे पदाधिकाऱ्यांची वैयक्तिक उन्नती. इथपर्यंत पोचेतो जेवणाची वेळ होई. एके वर्षी मी वरणभाताच्या वासाने व्याकूळ होऊन घाईघाईत 'वजन कमी करणे' असं माझं ध्येय सांगून टाकलं. ते इतिवृत्तात गेलं. इतिवृत्तात गेलेली गोष्ट बाई विसरत नाहीत. पुढच्या वार्षिक सभेत, सगळ्या राज्यांच्या प्रतिनिधींसमोर, प्रशिक्षण शिबिरं आणि शाळा तपासण्या यांच्या पाठोपाठ माझ्या वजनाचा आढावा घेण्यात आला. इंदूरच्या उपाध्यक्षांनी आपुलकीने विचारलं, "महासचिवजी का वज़न इस साल भी पेंडिंग है क्या?" बाई म्हणाल्या, "पेंडिंग नहीं, बढ़ गया है," आणि समोर 'पुढे चालू' असा शेरा लिहून त्या पुढच्या विषयाकडे वळल्या. तेव्हापासून तो विषय दरवर्षी पुढे चालू आहे, आणि मीही रुंदीने.

पण त्यांना नुसत्या कागदावरच्या बाई समजू नका. खेड्यांचं ध्येय ठरलं तेव्हा प्लास्टरचे भले मोठे दात आणि हातभर लांबीचा ब्रश घेऊन त्या स्वतः पेठच्या पलीकडल्या एका पाड्यावर गेल्या. मी बरोबर होतो, म्हणजे दात माझ्या डोक्यावर होते. मशेरी लावू नका, हे त्यांनी इतकं पोटतिडकीने सांगितलं की मला माझ्या तंबाखू न खाण्याचाही पश्चात्ताप झाला. पुढे बसलेली एक म्हातारी सगळं ऐकून खदखदून हसली. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. "बाई, लय चांगलं सांगतेस, पण दातच नाय ऱ्हायले. आता घासू काय?" सगळा पाडा हसला. बाईंचा चेहरा उतरला. परत आल्यावर अहवालात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'येथे ध्येय उशिरा पोहोचले.' पुढच्याच महिन्यात त्या त्याच पाड्याच्या शाळेत गेल्या, आणि मग दर महिन्याला जात राहिल्या. म्हातारीने त्यांना नागलीची भाकरी खाऊ घातली. ती मी पण खाल्ली, पण ते वजनाच्या आढाव्यात सांगितलं नाही.

अशा बाईंना संघटनेतून उठवण्याची हिंमत कुणाची होणार? ती त्यांनी स्वतःच केली होती. संघटनेची घटना त्यांनीच लिहिलेली, आणि तिच्यात एक कलम होतं की कुणीही दोन मुदतींपेक्षा जास्त अध्यक्ष राहणार नाही. "खुर्चीत जास्त वेळ बसलं की माणसाला तिचे पाय आपलेच वाटायला लागतात," असं त्या म्हणायच्या. दुसरं कलम असं की संघटनेचं कार्यालय अध्यक्षांच्या राहत्या घरी असेल. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, भाऊ पुण्याला. इंदिरानगरमध्ये त्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि पुढची खोली म्हणजे कार्यालय. सकाळचं आवरून, इस्त्रीची साडी नेसून, खांद्याला पर्स लावून त्या मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत 'ऑफिसला' येत, आणि संध्याकाळी कपाटाला कुलूप घालून 'घरी' जात. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या दिवसाला आकार होता तो एवढाच. दुसरी मुदत संपत आली तशी मला धडकी भरली. मुदत संपली की ही खोली रिकामी होणार होती, आणि मागच्या खोलीतून निघून जायला त्यांना ठिकाणच उरणार नव्हतं.

म्हणून मी घटनादुरुस्तीचा कट केला. त्यात प्रेम होतं हे खरं, पण पुढचा अध्यक्ष मलाच करतील ही भीतीही त्यात भरपूर होती. सगळ्या प्रतिनिधींना मी आधीच फोन करून ठेवले. वार्षिक सभेत उभा राहून मी ठराव वाचला, 'विद्यमान अध्यक्षांच्या बाबतीत मुदतीची अट शिथिल करण्यात यावी.' इंदूरकरांनी अनुमोदन दिलं. आणि बाईंनी सभेकडे बघण्याच्या आधीच सगळ्या सभागृहाने एवढा दणदणीत 'अं' केला की खालचा वॉचमन जिना चढून वर आला.

बाईंनी वॉचमनला हाताने परत पाठवलं आणि म्हणाल्या, "आज कुणाच्या तोंडात काही नाही. आज बोलायचं. सेक्रेटरी, अट का शिथिल करायची?"

"मॅडम, तुमच्याशिवाय संघटना चालणार नाही."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. इतका ठाम मी आयुष्यात कधी नव्हतो.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "मग एवढी वर्षं मी संघटना चालवलीच नाही. स्वतःचं घर चालवलं आणि त्यासाठी तुमच्याकडून वर्गणी घेतली, असाच त्याचा अर्थ होतो."

"मैडम, आप गलत समझ रही हैं," इंदूरकर उठून म्हणाले. "हम सब दिल से कह रहे हैं."

"दिल से कह रहे हैं, यही तो मुश्किल है, भाईसाहब," बाई म्हणाल्या. मग ठराव स्वतःबद्दलचा आहे म्हणून त्यांनी अध्यक्षांची खुर्ची इंदूरकरांना दिली, खाली येऊन सभासदांच्या रांगेत बसल्या आणि मतदान हात वर करून घ्या म्हणाल्या. इंदूरकरांनी विरोधातले हात विचारले. एकच हात वर झाला, बाईंचा. मग बाजूचे विचारले. खरं तर सगळं सभागृह आमच्या बाजूचं होतं, पण त्या एका हाताकडे बघून कुणाचाही हात उठेना. माझाही उठला नाही. स्वतः मांडलेल्या ठरावाला स्वतःचंही मत न मिळवणारा सरचिटणीस दुसऱ्या कुठल्या संघटनेत झाला असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर अध्यक्ष म्हणून माझी बिनविरोध निवड झाली. माझ्या घरी एक खोली रिकामी आहे, एवढीच माझी पात्रता होती, आणि ती खोली बायकोने शिवणकामासाठी ठेवली होती हे सभेला ठाऊक नव्हतं. घरी गेल्यावर ते मला पुन्हा नीट कळलं.

पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन गेलो. बाईंनी सगळं बांधून ठेवलं होतं. कपाट गेलं, फलक गेला, खुर्च्या उचलायला लागलो तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, दोन खुर्च्या राहू द्या." त्या म्हणाल्या, "संघटनेच्या आहेत. ऑडिटला काय सांगाल? माजी अध्यक्षांनी बसायला ठेवल्या?" सगळ्या खुर्च्या गेल्या. ते प्लास्टरचे दात टेम्पोत फुटतील म्हणून मी ते मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. मुंबई नाक्याला सिग्नलवर रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "काका, एवढे मोठे दात कोणाचे?" मी सवयीने म्हणालो, "आमच्या अध्यक्षांचे." मग लक्षात आलं की ते आता माझे झाले. सिग्नल सुटेपर्यंत आजूबाजूच्या स्कूटरवरचे लोक एकदा दातांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते.

अध्यक्षपद मला अजून जमलेलं नाही. सभा सुरू होते, मी ठराव वाचतो, आणि नकळत, पूर्वी बाई बसायच्या त्या उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे बघतो. बाई माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत, ठणठणीत आहेत, तरी मला त्यांची फार आठवण येते. एकदा काहीतरी अडलंय असं सांगून मी त्यांच्याकडे गेलो. खोली झाडून लख्ख केलेली होती आणि तिच्यात काहीही नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून मला दिलं आणि आपण खिडकीला टेकून उभ्या राहिल्या. माझा प्रश्न ऐकून म्हणाल्या, "ते आता तुम्ही ठरवायचं. मी सांगितलं तर मागच्या दाराने अध्यक्ष झाल्यासारखं होईल." अडलेलं काम तिथेच संपलं. विषयपत्रिका नसली की काय बोलतात, हे आम्हांला माहीतच नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलीचं नाव काय?" इतकी वर्षं माझं वजन त्यांना पाठ होतं, मुलीचं नाव माहीत नव्हतं. आणि मी तरी त्यांच्या भावाचं कधी विचारलं होतं? मी नाव सांगितलं. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "येत जा. काही अडलंच पाहिजे असं नाही."

गेल्या आठवड्यात काहीही अडलेलं नसताना गेलो. पुढच्या खोलीत वेताच्या दोन नव्या खुर्च्या होत्या, त्यांच्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. एकीवर त्या बसल्या, दुसरीवर मी. त्यांनी मुलीच्या शाळेचं विचारलं, मी त्यांच्या भावाचं, मग आमच्या मळ्यातल्या कोथिंबिरीचं निघालं, मग त्यांच्या लहानपणच्या त्र्यंबकच्या घरचं. दिवेलागण झाली तेव्हा मी घड्याळ बघून उठलो. सभा वेळेवर संपवण्यासाठी वक्त्यांना बोलता बोलता खाली बसवणाऱ्या आमच्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढ्यात?"